फाइल समोर दिसतेय, तरी जावाला सापडत नाही

फाइल फोल्डरमध्ये आहे. नाव चार वेळा ताडून पाहिलंय. मित्राच्या मशीनवर तोच कोड बिनबोभाट चालतो. आपल्याकडे मात्र रन दाबलं की लाल अक्षरांत फाइलनॉटफाउंडएक्सेप्शन. जावा शिकायला लागलेल्या प्रत्येकाला ही अडचण एकदा येते, सुटते आणि पुढच्या प्रोग्रामला परत येते. परत येते कारण पहिल्यांदा ती बहुधा नशिबाने सुटलेली असते. फाइल इकडून तिकडे हलवली, एका ठिकाणी ठेवल्यावर चाललं, विषय संपला. नेमकं काय चुकलं होतं ते कळलेलंच नसतं.

एक आधीच सांगतो. क्लास आणि मेथडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करायची. उदाहरणाला मार्क्स.टीएक्सटी ही फाइल घेऊ. तिच्या प्रत्येक ओळीत एक नाव, स्वल्पविराम आणि गुण आहेत.

आधी प्रोग्रामलाच विचारा, तू उभा कुठे आहेस

कोडमध्ये नुसतं मार्क्स.टीएक्सटी लिहिलं की तो सापेक्ष पाथ, म्हणजे फाइलचा अर्धवट पत्ता, होतो. सापेक्ष म्हणजे कशाच्या सापेक्ष? बहुतेकांचा समज असतो की माझी डॉट जावा फाइल जिथे आहे तिथून. काहींना वाटतं, क्लास फाइल जिथे तयार होते तिथून. दोन्ही चूक. प्रोग्राम सुरू होताना ज्या फोल्डरमध्ये उभा असतो, म्हणजे त्याची वर्किंग डिरेक्टरी, तिथून शोध सुरू होतो. तुमचा सोर्स कोड कुठे पडलाय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

टर्मिनलमधून चालवत असाल तर जावा ही आज्ञा दिली तेव्हा टर्मिनल ज्या फोल्डरमध्ये होतं ती वर्किंग डिरेक्टरी. एक्लिप्स आणि इंटेलिजे हे आयडीई, म्हणजे कोड लिहायची आणि चालवायची सॉफ्टवेअर, आपणहून प्रोजेक्टचं सर्वांत वरचं फोल्डर धरतात, म्हणजे सोर्स कोडच्या एसआरसी फोल्डरच्या बाहेर, त्याच्या शेजारी. नवशिक्या माणूस फाइल ठेवतो एसआरसीच्या आत, आपल्या मेन क्लासच्या अगदी मांडीला मांडी लावून, आणि प्रोग्राम शोधत असतो एक किंवा दोन पायऱ्या वर. डाव्या बाजूच्या फाइलींच्या झाडात दोन्ही एकाखाली एक दिसतात म्हणून फसायला होतं. व्हीएस कोडमध्ये साधारणपणे तुम्ही उघडलेलं फोल्डर धरलं जातं. म्हणून काल आतलं फोल्डर उघडलं होतं आणि आज बाहेरचं उघडलं, एवढ्यानेही चालणारा प्रोग्राम बंद पडतो. 'काल तर चालत होतं' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघतं.

अंदाज बांधत बसू नका. वाचायच्या ओळीच्या आधी ही एक ओळ टाका:

सिस्टिम.आउट.प्रिंटएलएन(न्यू फाइल("मार्क्स.टीएक्सटी").गेटॲब्सोल्यूटपाथ());

प्रोग्राम नेमका कुठला पत्ता शोधतोय तो पूर्णपणे छापला जाईल. आता इथे एक मोठा गैरसमज होतो. पत्ता छापला गेला म्हणजे तिथे फाइल आहे, असं वाटतं. तसं काही नसतं. ही मेथड डिस्कवर जाऊन काही बघत नाही. वर्किंग डिरेक्टरी आणि तुम्ही दिलेलं नाव एकमेकांना जोडून देते, बस. नसलेल्या फाइलचाही पत्ता ती तितक्याच आत्मविश्वासाने छापेल. फाइल खरंच आहे का हे विचारायला एक्झिस्ट्स ही मेथड आहे, तिचं उत्तर ट्रू किंवा फॉल्स येतं.

फॉल्स आलं तर तिसरा प्रश्न विचारा: मग तुला तिथे दिसतंय तरी काय? न्यू फाइल(".") वर लिस्ट मेथड चालवली की वर्किंग डिरेक्टरीतल्या सगळ्या नावांचा ॲरे मिळतो. तो ॲरेज.टूस्ट्रिंगमध्ये घालून छापा, नाहीतर चौकटी कंसाने सुरू होणारं काहीतरी अगम्य छापलं जाईल. माझ्या मते ही यादी या सगळ्या प्रकरणातली सर्वांत कामाची गोष्ट आहे, कारण आपले डोळे जे दाखवत नाहीत ते ही यादी दाखवते.

उदाहरणार्थ, एक्स्टेन्शन. विंडोज ओळखीच्या फाइलींचं एक्स्टेन्शन मुळातच लपवून ठेवतं. तुम्ही फाइलला मार्क्स.टीएक्सटी असं नाव देता, विंडोज शेवटी आणखी एक टीएक्सटी चिकटवतं आणि मग तेच लपवतं. एक्सप्लोररमध्ये दिसतं मार्क्स.टीएक्सटी, डिस्कवर असतं मार्क्स.टीएक्सटी.टीएक्सटी. हे कितीही वेळा डोळ्यांनी ताडून पाहिलं तरी कळणार नाही, कारण डोळ्यांना जे दिसतंय तेच खोटं आहे. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत फाइल नेम एक्स्टेन्शन्स या पर्यायावर खूण करा आणि ती खूण परत कधी काढू नका.

मॅकवर याचा चुलतभाऊ भेटतो. तिथला टेक्स्टएडिट नवीन फाइल साध्या मजकुराऐवजी आरटीएफ या सजावटीच्या खुणा असलेल्या स्वरूपात साठवतो. नुसतं एक्स्टेन्शन बदलून ती वाचायला घेतली तर फाइल सापडते, पण पहिल्याच ओळीत महिरपी कंस आणि बॅकस्लॅश घेऊन आरटीएफची जंत्री सुरू होते. फॉरमॅट मेन्यूतून मेक प्लेन टेक्स्ट करून साठवा.

लहानमोठ्या लिपीचंही तेच. विंडोजला आणि मॅकच्या नेहमीच्या मांडणीला रोमनमधली मोठी आणि लहान अक्षरं सारखीच वाटतात, लिनक्सला वाटत नाहीत. त्यामुळे स्वतःच्या लॅपटॉपवर चाललेला प्रोग्राम लिनक्स सर्व्हरवर गेल्यावर फाइल नाही म्हणतो.

यादी पाहून फाइल दुसरीकडे आहे हे कळलं, तर दोनच मार्ग. फाइल वर्किंग डिरेक्टरीत आणा किंवा आयडीईच्या रन कॉन्फिगरेशनमध्ये वर्किंग डिरेक्टरी बदला. तिसरा मार्ग सगळ्यांना आवडतो, तो म्हणजे ड्राइव्हपासून सुरू होणारा पूर्ण पाथ कोडमध्ये चिकटवणं. तपासणीपुरता ठीक आहे. पूर्ण पाथने चाललं आणि सापेक्षने नाही, म्हणजे दोष जागेचा आहे हे पक्कं होतं. पण तसाच ठेवून कोड दुसऱ्याला दिलात तर त्याच्या मशीनवर तुमच्या नावाचं फोल्डर कुठून येणार?

पूर्ण पाथ लिहिताना होणारी गंमत

विंडोजचा पाथ बॅकस्लॅशने लिहितात आणि जावाच्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशला वेगळा अर्थ आहे. बॅकस्लॅशच्या पुढे एन आला की नवी ओळ, टी आला की टॅब. समजा तुमच्या फोल्डरचं नाव न्यू आहे आणि फाइलचं टेबल. रोमनमध्ये पहिलं एनने सुरू होतं, दुसरं टीने. एकेरी बॅकस्लॅश टाकून हा पाथ लिहिला तर कंपाइलर एक चकार शब्द काढणार नाही, आणि चालवताना मात्र जावा मध्येच नवी ओळ आणि टॅब असलेलं नाव शोधायला जाईल. ओळखायची खूण सोपी आहे: एक्सेप्शनच्या मेसेजमध्ये पाथ मध्येच तुटून दुसऱ्या ओळीवर गेलेला दिसतो.

त्यापेक्षा कंपाइलर ओरडला तर बरं. बॅकस्लॅशनंतर लहान लिपीतला यू आला, की जावाला वाटतं पुढे युनिकोडचे चार अंक येणार. ते आले नाहीत की इल्लीगल युनिकोड एस्केप ही एरर येते, आणि ती कॉमेंटमध्येसुद्धा येते! कॉमेंट केलेली ओळ कंपाइल का होत नाही या कोड्याने भलेभले चक्रावतात.

उपाय: प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहा किंवा सरळ पुढे झुकणारी रेघ, फॉरवर्ड स्लॅश वापरा. जावा विंडोजवरही फॉरवर्ड स्लॅश आनंदाने चालवून घेते. मी कायम तीच वापरतो.

आणखी एक दुर्मीळ पण छळणारी गोष्ट. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटी टॅबवरून पाथ कॉपी केला तर त्याच्या सुरुवातीला एक अदृश्य चिन्ह येऊ शकतं, लेखनाची दिशा सांगणारं. पाथ दिसायला अगदी बरोबर, तरी सापडत नाही. अशा वेळी पाथ पुसून हाताने टाइप करायचा.

मेसेज शेवटपर्यंत वाचा

एक्सेप्शनचं नाव वाचून लोक थांबतात. नावात 'सापडली नाही' असलं तरी तेच एक्सेप्शन इतर कारणांनीही येतं, आणि खरं कारण पाथनंतरच्या कंसात असतं. तिथे नो सच फाइल असेल तर ती खरंच त्या पत्त्यावर नाही. इज अ डिरेक्टरी असेल तर तुम्ही फाइलऐवजी फोल्डरचा पाथ दिलाय. विंडोजवर फोल्डर उघडायला गेलात तर ॲक्सेस इज डिनाइड असं येतं, आणि मग लोक उगाच ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून बघतात. फाइलचं नाव जोडायचं राहिलंय एवढाच प्रश्न असतो.

दुसरी बाब अशी की, नव्या पद्धतीने वाचत असाल, म्हणजे फाइल्स या क्लासच्या मेथडी वापरत असाल, तर फाइल नसल्यावर एक्सेप्शन येतं ते नोसचफाइलएक्सेप्शन. ते आणि जुनं फाइलनॉटफाउंडएक्सेप्शन एकमेकांची मुलं नाहीत, दोन्ही आयओएक्सेप्शनच्या घराण्यातली. म्हणून जुनं पकडणारा कॅच ब्लॉक लिहून ठेवला असेल तर नवं त्याच्या हाती लागत नाही. मेसेजमध्येही नुसता पाथ असतो, काय चुकलं ते वेगळं लिहिलेलं नसतं. ते नावातच आलं.

कंपाइल करतानाच अनरिपोर्टेड एक्सेप्शन अशी तक्रार आली, तर तिचा फाइल असण्या-नसण्याशी संबंध नाही. फाइल नसली तर काय करायचं ते आधी लिही, एवढंच कंपाइलर म्हणतोय. सरावाच्या प्रोग्रामसाठी मेनपुढे थ्रोज आयओएक्सेप्शन लिहून मोकळे व्हा. रिकामा कॅच ब्लॉक मात्र लिहू नका. आयडीईने सुचवलेला ट्राय-कॅच घ्यायचा आणि आतली छापणारी ओळ पुसायची, हे मी खूप पाहिलंय. मग फाइल सापडत नाही, कोणी काही बोलत नाही आणि दहा ओळी खाली नलपॉइंटरएक्सेप्शन येतं, ज्याचा मूळ दुखण्याशी वरकरणी काही संबंध दिसत नाही.

स्कॅनरला फाइल दिली की फाइलचं नाव?

हा प्रकार वेगळा काढून सांगतो, कारण यात एरर येतच नाही. न्यू स्कॅनर("मार्क्स.टीएक्सटी") असं लिहिलं की प्रोग्राम कंपाइल होतो, चालतो आणि एकच ओळ छापतो: मार्क्स.टीएक्सटी. फाइल असो वा नसो. स्कॅनरला स्ट्रिंग दिली तर तो ती स्ट्रिंगच वाचतो, त्या नावाची फाइल उघडत नाही. फाइलरीडरला मात्र स्ट्रिंग दिली तर तो ती फाइलचं नाव समजतो. दोन क्लास, सारखंच दिसणारं लिखाण, उलटा अर्थ. शिकणाऱ्याचा यात काडीचा दोष नाही. स्कॅनरला न्यू फाइल किंवा पाथ.ऑफ यांत गुंडाळून नाव द्यायचं.

आयडीईत चालतं, जार केल्यावर नाही

जार, म्हणजे दुसऱ्याला द्यायला बांधलेला अख्खा प्रोग्राम, ही एक झिप फाइल असते. तिच्या आत बांधलेली मार्क्स.टीएक्सटी ही डिस्कवरची स्वतंत्र फाइल राहत नाही, म्हणून फाइल किंवा फाइलरीडर तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत, पाथ कितीही फिरवून दिलात तरी. प्रोग्रामसोबत जाणारी, न बदलणारी फाइल असेल तर ती मेव्हन किंवा ग्रेडल या प्रोजेक्ट बांधणाऱ्या साधनांच्या रिसोर्सेस फोल्डरमध्ये ठेवा आणि क्लासवरच्या गेटरिसोर्सॲजस्ट्रीम या मेथडने उघडा. नावाच्या आधी फॉरवर्ड स्लॅश दिली तर शोध क्लासपाथच्या, म्हणजे जावा क्लास जिथे शोधते त्या जागेच्या, मुळापासून होतो, नाही दिली तर त्या क्लासच्या पॅकेजमधून. न सापडल्यास ही मेथड एक्सेप्शन देत नाही, गुपचूप नल देते, तेवढं तपासा. वापरणारा जी फाइल बदलणार आहे, ती जारच्या बाहेरच ठेवायची.

सापडली. पण वाचली ते भलतंच

इथून पुढचा भाग ज्यांची फाइल उघडते पण मजकूर गडबडतो त्यांच्यासाठी.

एक आड एक ओळ गायब असेल तर तुमच्या लूपमध्ये रीडलाइन दोनदा आहे. व्हाइलच्या अटीत एकदा, नल आहे का हे बघायला, आणि आत छापताना परत एकदा. प्रत्येक हाक पुढची ओळ घेऊन येते. अटीत वाचलेली ओळ कुणी जपून ठेवली नाही तर ती गेली. ओळींची संख्या विषम असेल तर शेवटी नल हा शब्दही छापलेला दिसेल. अटीतच ओळ व्हेरिएबलमध्ये घ्या आणि आत फक्त ते व्हेरिएबल वापरा.

स्कॅनरने नेक्स्टइंट वाचून लगेच नेक्स्टलाइन वाचली की रिकामी ओळ मिळते, कारण नेक्स्टइंट आकडा उचलतो आणि ओळीच्या शेवटाची खूण तिथेच ठेवतो. मग नेक्स्टलाइन तेवढं उरलंसुरलं उचलून परत येते. यावर मधे एक रिकामी नेक्स्टलाइन टाकण्याचा तोडगा सगळीकडे सांगितला जातो. मला तो आवडत नाही. पूर्ण ओळ वाचा आणि आकडा इंटिजर.पार्सइंटने काढा, म्हणजे कोण कुठे थांबलंय हे डोक्यात ठेवायला लागत नाही.

ॲरेइंडेक्सआउटऑफबाउंड्स आणि तेही सगळ्या ओळी नीट वाचून झाल्यावर? फाइलच्या शेवटी एक मोकळी ओळ आहे. स्प्लिट केल्यावर तिचा एकच तुकडा होतो आणि तुम्ही दुसरा मागताय. इझब्लँकने अशा ओळी गाळा. स्प्लिटबद्दलच बोलतोय तर हेही: त्याला दिलेलं चिन्ह रेगेक्स, म्हणजे मजकूर शोधायचा नमुना, म्हणून वाचलं जातं आणि त्यात काही चिन्हांना खास अर्थ असतो. स्वल्पविरामाला काही होत नाही. पण उभ्या दांडीवर तोडायला गेलात तर प्रत्येक अक्षर सुटं होतं, आणि टिंबावर तोडायला गेलात तर हातात रिकामा ॲरे येतो. दोन्हींच्या आधी दुहेरी बॅकस्लॅश द्या.

मराठी मजकुराच्या जागी चिन्हांचा पाऊस

आपल्याला हे इतरांपेक्षा जास्त छळतं. फाइलमध्ये अक्षरं नसतात, बाइट असतात. कोणते बाइट म्हणजे कोणतं अक्षर हे एन्कोडिंग ठरवतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हं धरायची. वाचताना जावाने चुकून विंडोज-१२५२ हे एन्कोडिंग धरलं तर ती प्रत्येक बाइटचं एक अक्षर करते, आणि एका 'म'च्या जागी तीन विचित्र चिन्हं येतात, त्यात पहिलं कायम डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ए.

हे का होतं आणि कधी होत नाही, याला एक तारीख आहे. जावा १७ पर्यंत फाइलरीडर आणि स्कॅनर, एन्कोडिंग न सांगितल्यास, ऑपरेटिंग सिस्टिमचं जे असेल ते वापरत. लिनक्स आणि मॅकवर ते बहुधा यूटीएफ-८, विंडोजवर बहुधा दुसरंच. २०२२ साली आलेल्या जावा १८ पासून सगळीकडे यूटीएफ-८ हेच गृहीत धरलं जातं. म्हणून एकच कोड दोन मशीनवर वेगळा वागला तर आधी जावा डॅश व्हर्जन ही आज्ञा देऊन आवृत्ती पाहा. काही आयडीई स्वतःहून यूटीएफ-८ ची सूचना देऊन प्रोग्राम चालवतात, त्यामुळे तिथे ठीक आणि टर्मिनलमध्ये बिघडलेलं असंही दिसतं. जुन्या आवृत्तीवर असाल तर एन्कोडिंग स्पष्ट सांगा: फाइलरीडरला ते सांगायची सोय २०१८ च्या जावा ११ पासून आहे, आणि फाइल्स.न्यूबफर्डरीडर तर जावा ८ पासून, काही न सांगितल्यास, यूटीएफ-८ च धरतो.

आता मी वापरतो ती चाचणी. फाइलच्या पहिल्या ओळीत फक्त 'मराठी' हा शब्द लिहा, वाचा आणि मजकूर छापण्याऐवजी त्याची लेंग्थ छापा. पडद्यावरच्या अक्षरांवर विश्वास नको, आकडा खोटं बोलत नाही.

५ आलं तर वाचन अगदी बरोबर आहे: म, र, काना, ठ, वेलांटी. तरीही पडद्यावर प्रश्नचिन्हं दिसत असतील तर बिघाड कन्सोलचा आहे, फाइल वाचणाऱ्या कोडला हात लावू नका. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सीएचसीपी ६५००१ देऊन पाहा, किंवा आयडीईच्या कन्सोलचं एन्कोडिंग बदला. जावा १८ नेही कन्सोलचं एन्कोडिंग बदललेलं नाही, ते टर्मिनलवरूनच ठरतं.

१५ आलं तर प्रत्येक बाइटचं अक्षर झालंय, म्हणजे वरचाच विंडोज-१२५२ चा प्रकार.

६ आलं तर सुरुवातीला बॉम बसलाय. यावर माझी स्वतःची अख्खी दुपार गेलेली आहे. फाइलच्या पहिल्या ओळीत १२ होतं, पार्सइंट नंबरफॉरमॅटएक्सेप्शन देत होतं, आणि मेसेजमध्ये अवतरण चिन्हांत लिहिलेलं होतं १२. बाकीच्या ओळी व्यवस्थित. ट्रिम केलं, स्ट्रिप केलं, शेवटी फाइल पुन्हा टाइप करून त्याच एडिटरमधून साठवली, तरी तेच. बॉम म्हणजे बाइट ऑर्डर मार्क, यूटीएफ-८ फाइलच्या तोंडाशी काही एडिटर ठेवतात ते ३ बाइटचं अदृश्य चिन्ह. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपूर्वीचं नोटपॅड यूटीएफ-८ निवडल्यावर तो हमखास घालायचं. जावा तो आपणहून काढत नाही, आणि ट्रिम किंवा स्ट्रिपच्या दृष्टीने ती मोकळी जागाच नाही. पहिल्या ओळीचं पहिलं कॅरेक्टर युनिकोड एफईएफएफ असेल तर सबस्ट्रिंग(१) करून टाका, किंवा फाइल एडिटरमधून विदाउट बॉम अशी साठवा.

आकडाच आला नाही आणि मालफॉर्म्डइनपुटएक्सेप्शन आलं, तर फाइलच यूटीएफ-८ नाही. विंडोज पॉवरशेल ५.१ या टर्मिनलमध्ये मोठ्याच्या चिन्हाने (>) आउटपुट वळवून बनवलेल्या फाइली यूटीएफ-१६ असतात, तिथून ती आली असेल. फाइल्स क्लास अशा वेळी तोंडावर एक्सेप्शन देतो, फाइलरीडर चुकीच्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह घालून पुढे जातो, आणि न्यू फाइल दिलेला स्कॅनर तर कमाल करतो: वाचताना आलेलं आयओएक्सेप्शन तो गिळतो आणि हॅजनेक्स्टलाइनला फॉल्स सांगतो. तुम्हाला वाटतं फाइल रिकामी आहे. स्कॅनरच्या आयओएक्सेप्शन याच नावाच्या मेथडला विचारलं तर तो कबूल होतो, पण विचारतं कोण? मजकूर फाइलींसाठी मी स्कॅनर वापरणं सोडलं ते यामुळेच. छोट्या फाइलीला फाइल्स.रीडऑललाइन्स, मोठ्या फाइलीला ट्रायच्या कंसात उघडलेला फाइल्स.न्यूबफर्डरीडर. कंसात उघडलं की बंद करायचं काम जावा बघते.

जाता जाता एक मजेची गोष्ट. फाइलमध्ये गुण देवनागरी अंकांत लिहिले असतील, समजा ७८, तर इंटिजर.पार्सइंट ते बिनतक्रार वाचतो आणि बरोबर किंमत देतो. डबल.पार्सडबल मात्र तोच ७८ नाकारतो. त्यामुळे पूर्णांक चालले म्हणून खुश होऊन टक्केवारीकडे वळलात की नंबरफॉरमॅटएक्सेप्शन.

फाइल रिकामीच निघाली तर

सगळं तपासलं, पाथ बरोबर, एन्कोडिंग बरोबर, आणि लेंग्थ मेथड फाइलचा आकार सांगते ० बाइट. काल तर त्यात शंभर ओळी होत्या. कोडमध्ये वर कुठेतरी त्याच नावाने न्यू फाइलरायटर आहे का पाहा. फाइलरायटर उघडताक्षणी जुना मजकूर पुसला जातो. तुम्ही एक अक्षरही लिहिलं नसलं तरी. वाचून, बदलून परत लिहायचं म्हणून रीडर आणि रायटर दोन्ही सुरुवातीलाच उघडून ठेवले, तर वाचायला काही उरतच नाही. आणि हा मजकूर रिसायकल बिनमध्ये जात नाही.

शेवटी भर घालायची असेल तर फाइलरायटरला दुसरा आर्ग्युमेंट ट्रू द्या. बदलून लिहायचं असेल तर वेगळ्या नावाच्या तात्पुरत्या फाइलीत लिहा, दोन्ही बंद करा आणि मग फाइल्स.मूव्हने रिप्लेस एक्झिस्टिंग हा पर्याय देऊन जुनीच्या जागी आणा. रीडर बंद करायला विसरलात तर विंडोज ही अदलाबदल करूच देणार नाही, फाइल दुसऱ्या प्रोसेसच्या वापरात आहे म्हणेल. ती दुसरी प्रोसेस बहुतेक वेळा तुमचाच प्रोग्राम असतो.